पिस्टनच्या माथ्यावरचा पन्नास

कोल्हापुरात उद्यमनगरात शेड असली की इंजिनाची कामं शोधायला जावं लागत नाही. ट्रॅक्टर, टेम्पो, उसाची वाहनं, सगळी दारात येतात. वर्षाला दोन-तीन पोरं मात्र वेगळंच काहीतरी घेऊन येतात. गेल्या पावसाळ्याआधी आलेल्या पोराकडे 16 वॉल्व्हची जुनी मारुती एस्टीम होती. त्याला ऑटोक्रॉसला, म्हणजे मातीच्या वळणावळणाच्या ट्रॅकवरच्या शर्यतीला, उतरायचं होतं आणि "130 हॉर्सपॉवर पायजे दादा" हे वाक्य त्याचं पाठ होतं.

कंपनीतून निघताना हे इंजिन 85 च्या आसपास देत होतं. बोअर, म्हणजे सिलेंडरचं भोक, 74 मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 75.5, एकूण 1298 सीसी. टर्बो न लावता यातून 130 काढायचे तर लिटरमागे शंभर झाले. म्हणजे इंजिन फार वर फिरवायचं, त्याला वॉल्व्ह उघडणारा तसा कॅम, तशा स्प्रिंगा आणि दर हंगामाला पुन्हा खोलायची तयारी. ऑटोक्रॉसच्या मातीत गाडी दुसऱ्या गिअरमधून क्वचितच बाहेर पडते. तिथं मिनिटाला 3 ते 6 हजार फेऱ्यांमधली ओढ कामाला येते. पोराला हे पटवायला दोन संध्याकाळी आणि बराच चहा गेला. शेवटी 105 वर तोडगा निघाला.

मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशोब मांडला. हातात अडीच लाख. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले पिस्टन, रिंगा आणि पिन, कस्टम ड्यूटीसकट 74 हजार. बोअरिंग, होनिंग, ब्लॉकचं फेसिंग आणि क्रँकचं बॅलन्सिंग 28. हेडला, म्हणजे वॉल्व्ह बसतात त्या वरच्या भागाला, 30. बेरिंग, गॅस्केट, ऑइल पंप, वॉटर पंप, बेल्ट मिळून 26. क्लच 14. इंधन आणि ठिणगी सांभाळणारा, ट्यून करता येणारा इसीयू आणि त्याचा सेन्सर 55, डायनोवरचं, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावरचं ट्यूनिंग 15. बेरीज 2 लाख 42 हजार. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधलं मिश्रण किती पट दाबायचं ते, साडेदहाच्या वर न्यायचं नाही हेही तिथंच ठरलं, कारण त्याच्या वर गेलं की 100 ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, ते लिटरला दीडशेच्या वर जातं आणि सरावाला ते ओतणं परवडत नाही. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून 74.5 करायचा होता. त्याला साडेदहा हवं तर पिस्टन वर असताना उरणारी जागा साधारण साडेचौतीस सीसी. ती शेवटी हेडमध्ये ब्युरेटने, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीने, तेल ओतून मोजायची, कॅटलॉगवर विसंबायचं नाही.

उरले 8 हजार. एरवी मी एकूण रकमेचा पाचवा हिस्सा 'न दिसणाऱ्या'साठी बाजूला काढायला लावतो. म्हणजे इथं 50 हजार हवे होते. पोरगा म्हणाला, "गाडी घरचीच हाय दादा, आजवर इंजिन खोललेलंच नाही." वर पिस्टन यायला दीड-दोन महिने लागणार, म्हणून इंजिन उतरवायच्या आधीच 74.50 ची ऑर्डर देऊया, असा त्याचा धोशा. मी हो म्हटलं. वीस वर्षं हेच काम करतोय, तरी हो म्हटलं.

पिस्टन आले त्या आठवड्यात इंजिन खाली घेतलं. हेड काढलं तेव्हा सिलेंडर वरवर ठीक दिसत होते, वरच्या कडेला किंचित पायरी लागत होती एवढंच. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा थर होता. पितळी पट्टीने तीन नंबरचा माथा खरवडला आणि कडेला आकडे दिसले. आधी शून्य, मग टिंब, मग 50. चारही खरवडले. चारही 0.50.

म्हणजे हे इंजिन आधीच अर्धा मिलिमीटर बोअर झालेलं होतं. घरची गाडी खरी, पण घरी येण्याआधी ती कुठल्यातरी गॅरेजात फुल काम करून आली होती.

तरीही माप घेतल्याशिवाय बोलायचं नाही. मायक्रोमीटरवर 74.50 लावून भोक मोजायचा डायल बोअर गेज शून्यावर आणला. गेज आत सोडला की तो थोडा पुढं-मागं डोलवायचा आणि काटा जिथून परत फिरतो ते माप धरायचं. वर, मध्ये, खाली, आणि मग गेज नव्वद अंशात फिरवून पुन्हा तेच. तीन नंबरला वर 74.61, खाली 74.55. सहा शतांश मिलिमीटरचा निमुळतेपणा. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर साध्यापेक्षा जास्त फुगतो, म्हणून त्याला फट थोडी जास्त द्यावीच लागते. पण ती सरळ भोकात द्यायची असते, नरसाळ्यात नाही. नवे 74.50 इथं बसले असते तर इंजिन थंड असताना खडखडले असते आणि रिंगांनी तेल खाल्लं असतं.

75 ला बोअर करायचं तर पिस्टन पुन्हा मागवा. शिवाय हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर, म्हणजे सिलेंडरची नळकांडी, ओतलेले, त्यांची जाडी मुळात किती. जुने लायनर काढून नवे ठोकता येतात, त्यासाठी ब्लॉक भट्टीत तापवावा लागतो. पण मशीनवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून पोरगा टायरवर खालीच बसला.

संध्याकाळी त्याचे वडील आले. स्वतःचा टेम्पो चालवतात, इंजिनाचं दुखणं त्यांना सांगावं लागत नाही. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पाठकोरं पान हातात घेतलं, चष्मा वर सरकवून वाचलं आणि मलाच विचारलं, "मिस्त्री, ह्यात तुमची मजुरी कुठाय?"

खरंच नव्हती. सात ओळी मांडल्या, त्यात आठवी धरलीच नव्हती. "ती बघू नंतर," मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पेन्सिल मागितली आणि तळाशी 'मजुरी' एवढाच शब्द लिहून पुढची जागा मोकळी सोडली.

मार्ग एकच दिसत होता. मूळ मापाचा, न खोललेला दुसरा ब्लॉक शोधायचा आणि तो 74.50 ला बोअर करायचा. सांगलीला एका भंगारवाल्याकडे अपघातात गेलेल्या एस्टीमचं इंजिन असल्याचं कळलं. रविवारी त्यांच्याच टेम्पोने निघालो, बोअर गेज पोराच्या मांडीवर.

भंगारवाला हेड खोलून द्यायला तयार नव्हता. "खोललं की घ्यायला लागंल." शेवटी पाचशे रुपये वेगळे मोजून खोलायला लावलं. या वेळी गेज पोराच्याच हातात दिला. पहिलं माप 74.09 आलं आणि दोघांचे चेहरे उतरले. मग लक्षात आलं, गेज तिरका धरला होता. पुन्हा: 74.02, 74.02, 74.03, 74.02. सगळ्यांत मोठा आकडा पाहिजे अशी त्याची समजूत होती, काटा परत फिरतो तो सगळ्यांत छोटा आकडा घ्यायचा असतो हे तिथं उकिरड्यावर उभं राहून समजावलं. क्रँक धरून ठेवणाऱ्या मेन बेरिंगच्या कॅप मोजून पाचही घेतल्या. त्या ज्या त्या ब्लॉकसोबतच बोअर झालेल्या असतात, इकडच्या तिकडं चालत नाहीत.

17 हजारांत सौदा पक्का झाला. भंगारवाला मागून म्हणाला, "माप घेऊन भंगार नेनारं हे पयलंच गिऱ्हाईक."

ब्लॉकला कुठं चीर नाही ना हे बघायची पाण्याच्या दाबाची चाचणी दोन हजार. एकूण 19. शिल्लक 8 होते, 11 कुठून तरी काढायचे होते. क्लचला मी हात लावू दिला नाही, ट्यूनिंगलाही नाही. हेडमधल्या पोर्टच्या, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या वाटांच्या, घासाईचे 11 हजार खोडले, सीट आणि गाइड तेवढे ठेवले. पाचशेचा हिशोब पोराने आणि मी चहात मिटवला.

ब्लॉक आता बोअरिंगला गेलाय. सोबत चारही पिस्टन दिलेत, प्रत्येक भोक त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाने करायला सांगून. पाठकोरं पान शेडमध्ये खिळ्याला टांगलंय. मजुरीपुढची जागा अजून मोकळीच आहे.