तुम्ही विचारलंत म्हणून : साडेतीनशे वर्षांच्या घराचे काय कौतुक?

पुण्या-नाशिकचे पाहुणे बॉस्टनला आमच्याकडे आले की उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी मी त्यांना तासाभरावरच्या इप्स्विच गावी नेतो, आणि तिथल्या व्हिपल हाउससमोर उतरताच प्रश्न येतोच : "अहो, आपल्याकडे वेरूळ-अजिंठा असताना या लाकडी घरात काय पाहायचे?"

वेरूळशी तुलना करण्याचा माझा विचारच नाही. मला आठवतो तो रायगड. हे घर १६७७ मध्ये उभे राहिले, तेव्हा महाराजांच्या राज्याभिषेकाला जेमतेम तीन वर्षे झाली होती. रायगडावरचे लाकूडकाम १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्याने लागलेल्या आगीत गेले आणि आपण जोती पाहून वर महाल कल्पितो. इथे मात्र त्याच काळातल्या सुताराने तासलेली ओकची तुळई अजून माडी पेलते आहे.

अशा घरांचा सांगाडा सुतार आधी जमिनीवर जुळवून पाहत. प्रत्येक कुसू, म्हणजे तुळईचे तासलेले टोक, आपापल्या खाचेत नीट बसला की सांध्याच्या दोन्ही अंगांना पटाशीने सारखाच रोमन आकडा कोरत, मग सारे सुटे करून जागेवर नेत आणि लाकडी खुंट्या ठोकून पुन्हा उभे करत. असा आकडा कुठे उघडा दिसला की मी पाहुण्यांना तो दाखवतोच, कारण सुताराने तो केवळ आपल्या सोयीसाठी कोरलेला असतो, आल्यागेल्याने वाचावा म्हणून नव्हे.

बांधकामाचे साल ठरले तेही लाकडावरूनच. हे घर बरेच जुने, १६४० च्या आसपासचे, असे पूर्वी मानले जाई. परंतु त्या काळी ओक ओला असतानाच घडवत, त्यामुळे खोडातले सालीलगतचे शेवटचे वाढीचे वर्तुळ सापडले की झाड तोडल्याचे आणि बहुधा घर बांधल्याचेही वर्ष मिळते. वर्तुळे मोजली गेली आणि घराचे वय काही दशकांनी घटले. घटलेले वय इथे सरळ मान्य झाले, याचे मला विशेष वाटते. आपल्याकडे एखाद्या देवळाच्या बाबतीत असे करून पाहावे!

एक गोष्ट मात्र मी पाहुण्यांना न विसरता सांगतो. ही जमीन इथल्या मूळच्या अगवाम लोकांची होती आणि त्यांचा प्रमुख मास्कोनोमेट याने १६३८ मध्ये ती हे गाव वसवणाऱ्या इंग्रज जॉन विन्थ्रॉप धाकटे यांना वीस पौंडांना लिहून दिली. घराचे कौतुक करताना हा सौदा वगळला, तर आपण निम्मेच घर पाहिले.

हे घर मुळात या जागेवर नव्हतेच. १९२७ मध्ये ते उचलून, नदीवरच्या १७६४ च्या दगडी पुलावरून इथे आणले गेले. एवढे ऐकले की पाहुणे, त्यातही सदाशिव-नारायण पेठेतला आपला वाडा बिल्डरला दिलेले, थोडा वेळ काही बोलत नाहीत.