घाटातले नवे रंगवलेले इंजिन

सोलापुरात वाढलेल्या माणसाला सपाट रानातून सरळ धावणाऱ्या मालगाड्यांची सवय असते, आणि म्हणूनच आज मामांसोबत खंडाळ्याजवळ, रुळांपासून दूर कुंपणाबाहेर उभा राहून पाहिलेले दृश्य रात्री घरी परतल्यावरही डोळ्यांसमोरून हलत नाही. बोगद्यातून आधी नुसता घुमणारा आवाज आला आणि मग धुक्यातून मालगाडीचे विजेवर चालणारे डब्ल्यूएजी-७ इंजिन बाहेर पडले, नुकताच रंग दिलेले. रंग इतका ताजा होता की पावसाचे थेंब त्यावर न पसरता मोत्यांसारखे घरंगळत होते. चाकांजवळच्या लोखंडावर मात्र ब्रेकची तांबूस धूळ आताच बसू लागली होती.

१८६३ मध्ये खुल्या झालेल्या या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते. ५,००० अश्वशक्तीच्या या इंजिनालाही भरलेली मालगाडी एकट्याने ओढणे येथे शक्य नसते, म्हणून कर्जतला मागे बँकर इंजिने जोडतात आणि ती गाडीला वर ढकलतात. ओल्या रुळांवर चाके घसरू नयेत म्हणून चाकांपुढे वाळू सोडली जाते, हे मामांनी (ते सोलापूरच्या रेल्वे वसाहतीतच वाढले) मला लहानपणी सांगितले होते.

शेवटचे बँकर इंजिन वळणाआड गेल्यावरही मामा बराच वेळ तिकडेच पाहत उभे होते. भिजलेला रुमाल पिळत ते एवढेच म्हणाले, "रंग छान दिलाय रे."