सिंधूसमोर गीता: तालमीची नोंद

राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातला सिंधू-गीतेचा प्रवेश आता हातात पुस्तक न घेता उभा राहतोय. वडगावातल्या आमच्या हौशी मंडळींची तालीम इथवर आली, आणि परस्परविरोधी पात्रं एकमेकांना कशी उठाव देतात, हा मुद्दा याच प्रवेशात नीट हाताला लागला.

सिंधू सोसणारी, गीता फटकळ. एवढं कुणालाही दिसतं. पण दोघींचे संसार दारूनंच उधळलेत, दोघींचे नवरे आर्यमदिरामंडळ नावाच्या एकाच दारुड्यांच्या टोळक्यातले. दुःख एक आहे म्हणूनच वागण्यातला फरक डोळ्यांत भरतो. गडकऱ्यांनी गीतेला सुखवस्तू घरातली केली असती, तर सिंधूसमोर तिच्या बोलण्याला काय वजन राहिलं असतं? म्हणून आम्ही दोघींना सारख्याच विटलेल्या शहापुरी साड्या दिल्यात. फरक कपड्यांत नको, बोलण्यात दिसू दे.

१९१९ साली बालगंधर्वांनी सिंधू साकारली, तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष तिच्या अश्रूंकडे. गीता बहुतेकदा हशा घेऊन जाते. तालमीत दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या. गीता हशा घेत गेली की सिंधू नुसती बिचारी होते. तीच गीता जीव तोडून बोलली, यातून सुटता येतं असं मनापासून मानून बोलली, की सिंधूचं सोसणं हा तिचा स्वतःचा निर्णय वाटायला लागतो. सिंधूचं एक अक्षरही बदललेलं नसतं!

गीता करणारी ताई खानापूरकडची. संहितेला हात लावायचा नाही हे ठरलेलंच. पण अर्थ अंगात मुरावा म्हणून तिला म्हटलं, एकदा आपल्या घरच्या भाषेत बोल बघू. ती सिंधूच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "गप का बसलीस गे? माणूस हाईस का दगड?" सिंधूच्या मांडीवर तांदळाचं सूप होतं. निवडणारी बोटं थांबली. मग तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला आणि पुन्हा निवडायला लागली, आधीपेक्षा सावकाश. ते थांबणं आम्ही प्रयोगात ठेवणार.

सिंधूचा नवरा सुधाकर. त्याचा हितचिंतक मित्र रामलाल आणि त्याला दारूकडे ओढणारा, गीतेचा नवरा तळीराम, या दोघांचं अजून जमायचंय. तळीराम मजा आणतो, रामलालची भाषणं लांबतात. काटछाट करावीच लागेल, पण रामलाल फिका पडता कामा नये. सुधाकर मूर्ख नाही, मानी आहे. हिताचं सांगणारा आणि सोयीचं सांगणारा, दोघं तोलामोलाचे असले तरच त्याचा तो मानीपणा उघडा पडतो.

यानंतर कर्नाडांचं 'हयवदन' वाचायला घेतोय. आमच्यातले दोघं कन्नड शाळेत शिकलेले. आधी ते मूळ वाचून दाखवतील, मग मराठी. देवदत्त बुद्धीचा, कपिल ताकदीचा, आणि मध्येच दोघांची डोकी अदलाबदल होतात. पुढं हळूहळू दोन्ही शरीरं आपापल्या डोक्याच्या वळणावर जातात. मग नटांनी चाल नेमकी कधी बदलायची, एकदम की प्रवेशागणिक थोडीथोडी? कुणी हे नाटक केलं असेल तर जरूर सांगा.