अनिरुद्ध आणि नळाचे पाणी

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास लातूरच्या आमच्या घरात आई सुपात तूरडाळ घेऊन टीव्हीसमोर बसते, आणि पडद्यावरच्या माणसाविषयी तिचे जे मत त्या घटकेला ठरते, ते पुढे शंभर भागांनीही बदलत नाही. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने त्यातल्या नवऱ्याचा, अनिरुद्धचा, निकाल लावला होता : “ह्यो बायकोला फसवायलाय, आन् घरचे समदे त्यालाच चहा द्यायलेत.”

मला मात्र अनिरुद्ध हे आपल्या मालिकांतील सर्वांत खरे पात्र वाटते. तो कोणाच्या दुधात विष कालवत नाही. त्याला घरही हवे असते आणि प्रेयसी संजनाही, आणि एवढे करून अन्याय आपल्यावरच झाला आहे अशी त्याची मनापासून खात्री असते. असे अनिरुद्ध आमच्याकडच्या कोणत्याही लग्नात पाहुण्यांना अगत्याने खुर्च्या देताना दिसतात. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधला गुरुनाथ हा त्याच्याच कुळातला, पण त्याला पुढे पुढे इतके हास्यास्पद केले गेले की त्याच्या बायकोने, राधिकेने, मसाल्याचा धंदा उभारून त्याच्यावर मिळवलेल्या विजयाचे मोलच उरले नाही. मूर्खाला हरवण्यात कसला पराक्रम?

याउलट ‘तुझ्यात जीव रंगला’मधली नंदितावहिनी. तिच्या कटांपेक्षा मला आश्चर्य वाटे ते घरातल्या इतरांचे, कारण एवढे सगळे डोळ्यांदेखत चालूनही तिच्या दिराला, नायक राणादाला, काही म्हणता काही कळत नसे. आमच्याकडे जावेच्या मनात काय शिजते आहे, हे तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजावरून ओळखले जाते. (राणादाची कोल्हापुरी, ‘लागिरं झालं जी’मधल्या अज्या-शीतलीची सातारी, ‘रात्रीस खेळ चाले’मधल्या अण्णा नाईकांची मालवणी हे सगळे आम्ही आवडीने ऐकले, आमच्या मराठवाडी ‘काय करायलास’ला मात्र नायकाच्या तोंडी जागा मिळालेली माझ्या पाहण्यात नाही, ही एक जुनी सल.)

कथानकांविषयी बोलायचे तर ती बिघडतात ती बहुधा लोकप्रियतेमुळेच. आठवड्याचा टीआरपी चांगला आला की लेखकाला कोणाला क्षमा करता येत नाही, कोणाला शिक्षा देता येत नाही आणि गोष्ट संपवता तर मुळीच येत नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की गावोगावी त्याचे विनोद झाले. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. नावातले चार दिवस संपायला अकरा वर्षे लागली.

माझा विश्वास उडतो तो मात्र याहून साध्या गोष्टीने. या घरांत कोणी पाणी भरत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, त्या उन्हाळ्यात आम्ही टँकरपुढच्या रांगेतून घरी येऊन ‘रात्रीस खेळ चाले’ पाहत असू, आणि भुताची भीती वाटण्याऐवजी आई त्या वाड्याभोवतालच्या हिरव्यागार झाडीकडेच पाहत राही. तेव्हापासून स्वयंपाकघराचे दृश्य आले की माझी नजर आधी पिंप शोधते. ते कधीच नसते. असतो तो ओट्यावर मांडलेल्या ताज्या फळांचा वाडगा.

परवा एका मालिकेत बऱ्याच दिवसांपासून हरवलेली सून अखेर दारात येऊन उभी राहिली, सासूच्या हातातले ताट खाली पडले, आणि नेमका तेव्हाच गल्लीत “नळ आले” असा पुकारा झाला. आईने सूप बाजूला ठेवले. दोन पिंपे, पाच घागरी आणि न्हाणीतली टाकी भरून, पदराला हात पुसत ती परत आली, तोवर जाहिराती होऊन गेल्या होत्या आणि कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून तीन-तीनदा फिरला होता.

“काय झालं?” तिने विचारले.

“दारातच उभी आहे अजून.”

“मंग ठीक हाय,” असे म्हणून तिने सूप पुन्हा मांडीवर ओढले.