नहपानाची नाणी आणि एक मार्क

चाचणीतल्या एका मार्कावरून स्टाफरूममध्ये अजून धुसफूस चालू आहे, म्हणून लिहून काढते.

सातवाहनांचा धडा आला की मी पुस्तक मिटून ठेवते. गौतमीपुत्र सातकर्णी नाशिकच्या मुलांना पुस्तकातून काय शिकवायचा? त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख इथे पांडवलेण्यांत आहे आणि त्यात क्षहरातांचा, म्हणजे शक क्षत्रप नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश केला म्हणून लेकाचं कौतुक आहे. २०२१च्या मे महिन्यात त्याच डोंगरावर पावसाच्या पाण्याची चर साफ करताना आणखी तीन लेणी सापडली. ते कात्रण मी वर्गात फिरवते. शोध लावायला हॅटवाला साहेब आणि जुना नकाशा लागतो, ही मुलांची समजूत त्याने जरा ढिली होते. (पालकांच्या ग्रुपवरचे 'शोध' निराळे. तिथे दर रविवारी हडप्पात विमान सापडतं.)

यंदा जोगलटेंभी घेतली. सिन्नर तालुक्यातलं, दारणा-गोदावरीच्या संगमाजवळचं गाव. १९०६ साली तिथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप. नहपानाच्या चेहऱ्यावरच कमानींची टेकडी ठोकलेली, मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं.

हे सांगून कळत नाही, हाताने करावं लागतं. शाडूच्या चकत्या सकाळच्या पहिल्या तासाला थापल्या. ओल्या असताना ठसा मारला तर दुसऱ्या ठशाखाली पहिला पार पुसला जातो, वाळल्यावर मारला तर चकती तडकते. शेवटच्या तासापर्यंत ती निम्मी वाळते, तेव्हा मारायचा. ठसे मुलांनी खोडरबरावर कोरले, आणि अक्षरं उलटी कोरावी लागतात हे मी न सांगता पहिल्याच फटक्यात समजलं. 'रञो'चा (नाण्यावरचा शब्द, म्हणजे 'राजाचे') पार विचका झाला होता. दुसऱ्या ठशानंतरही बऱ्याच चकत्यांवर नहपानाचं नाक किंवा हनुवटी उरली. खऱ्या नाण्यांवरही जुना चेहरा असाच डोकावतो.

मग एकीने विचारलं, "मॅडम, नाव पुसायचंच होतं तर नाणी वितळवली का नाहीत?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला. "आटवली की घट येते ना." हा मुलगा वही कधी पूर्ण करत नाही. वडील सराफ बाजारात चांदीचे कारागीर. थोडी चांदी मुशीला चिकटते, थोडी उडते, कोळसा जळतो, शिवाय लगडी ओतून परत चकत्या पाडायच्या. "त्यापेक्षा वरून ठोकलेलं परवडतं." तेवढ्यात आधी विचारणाऱ्या मुलीचा पुढचा प्रश्न तयार होता: मग उरलेल्या चार हजारांवर छाप का नाही?

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कुठल्याही पुस्तकात छातीठोकपणे दिलेलं मी वाचलेलंही नाही.

चाचणीत प्रश्न आला: 'गौतमीपुत्राने नहपानाच्या नाण्यांवर आपला छाप मारला. कारण लिहा.' अपेक्षित उत्तर, विजय जाहीर करण्यासाठी. त्या मुलाने लिहिलं, 'चांदी आटवली तर घट येते म्हणून.' पेपर दुसऱ्या सरांकडे होते. शून्य. सर प्रामाणिक आहेत, पण उत्तरतालिकेच्या बाहेर पाऊल टाकायचं झालं की त्यांना घाम फुटतो.

मी मार्क द्यायला लावला. विजयाचं कारण चूक आहे असं मी म्हणत नाही. शिलालेखातला तोरा पाहिला तर ते पटतंच. पण छाप मारणाऱ्याच्या मनात काय होतं, हे नाण्यावर लिहिलेलं नाही. 'विजयासाठी' हाही आपला अंदाजच, फक्त छापून आल्यामुळे त्याला वजन आलं. पोराचा अंदाज निदान मुशीपाशी बसून आलेला आहे. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असायला काय हरकत आहे? कोणी अशी नाणी प्रत्यक्ष तोलून-तपासून यावर काही सांगितलं तर मला वाचायला आवडेल.

पुढच्या परीक्षेत 'दोन कारणे लिहा' असा प्रश्न घालू, असं मी सुचवलं. सर म्हणाले, "घाला की. दुसरं कारण कितव्या पानावर आहे तेवढं सांगा."