चौदा जणींची मापं

श्रावणातल्या मंगळवारचे कार्यक्रम आषाढातच ठरतात, त्यामुळे मंगळागौर खेळणाऱ्या ग्रुपचे फोन पावसाच्या सुरुवातीलाच येऊ लागतात. माझ्याकडे असा पहिला फोन आला तेव्हा माझा दागिने करण्याचा व्यवसाय अगदी नवा होता. कर्वेनगरचा ग्रुप, चौदा जणी, वयं तिशीपासून पासष्टीपर्यंत. ग्रुप चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "सगळ्यांना सारखे दागिने हवेत. ठुशी, चिंचपेटी, वाकी, कमरपट्टा, बांगड्या. दरवर्षी भाड्यानं आणतो, पण आमच्यातल्या पाच-सहा जणी जरा..." आणि थांबल्या.

"जाड आहेत," मी म्हटलं. "मीही आहे. माझा दंड अठरा इंच आहे. मोकळेपणानं बोला."

मग त्या मोकळ्या झाल्या. भाड्याच्या वाक्या दंडावर चढतच नाहीत, म्हणून त्यांना काळा दोरा ओवून बांधतात आणि पदराखाली लपवतात. कमरपट्ट्याची दोन टोकं भेटत नाहीत, मध्ये सेफ्टी पिनांची साखळी लावतात. एकीच्या दंडावर गेल्या श्रावणात दोरा इतका रुतला होता की वळ दोन दिवस गेला नाही. आणि एवढं करूनही त्या सहा जणी कार्यक्रमात मागच्या रांगेतच, कारण पुढं आलं की दोरे दिसतात.

मी मोठ्या अंगाच्या बायकांसाठी हातानं दागिने करते. हे काम सुरू केलं ते दुकानात वारंवार कानावर पडणाऱ्या एका शब्दामुळे: 'ॲडजस्टेबल'. ठुशीला मागं सरकगाठीची दोरी असते, त्यामुळे ती कुणालाही होते असं सांगतात. गळ्याभोवती बांधता येते हे खरं. पण तयार ठुशीत मण्यांचा भाग साधारण आठ-नऊ इंचांचा असतो. तेरा इंची गळ्यावर तो दोन तृतीयांश गळा व्यापतो, उरलेली दोरी मानेमागं अंबाड्याखाली जाते. अठरा इंची गळ्यावर तेच मणी पुढच्या अर्ध्या भागात संपतात आणि दोन्ही बाजूंना नुसती दोरी दिसते. दोरी वाढली, दागिना आहे तेवढाच राहिला. अठरा इंची गळ्याला मण्यांचा भाग बारा इंच हवा, तेव्हा कुठं ती ठुशी ठुशीसारखी बसते. चिंचपेटीत तर दोरीनं काहीच भागत नाही. तिथं मोत्यांच्या पेट्याच वाढवाव्या लागतात.

म्हणून मी ताईंना सांगितलं, की चौदा जणींचे दागिने सारखे दिसायला हवे असतील तर ते एका मापाचे करून चालणार नाही. प्रत्येकीचं माप घेईन, बारीक असणाऱ्यांचंही. त्यांना हे जरा जास्तीचं वाटलं. पण आल्या सगळ्या.

मापं मी आतल्या खोलीत, दार लावून, एकेकीची घेते. आकडा मोठ्यानं उच्चारत नाही, वहीत लिहिते. हा नियम पहिल्या दिवसापासूनचा आहे आणि तो मी कुणासाठी मोडणार नाही. शिंप्याकडं, दुकानात, दवाखान्यातल्या काट्यावर आपला आकडा चारचौघांत ऐकण्याची या बायकांना इतकी सवय झालेली असते, की टेप काढली की त्या श्वास आत ओढून धरतात. मी सोडायला सांगते. श्वास ओढून घेतलेलं माप मला काहीच कामाचं नाही.

गळा मानेच्या मुळाशी, टेपखाली एक बोट ठेवून. दंड दोनदा, हात सैल सोडून आणि कोपर दुमडून, कारण दुमडल्यावर दंड फुगतो आणि वाकी तुटते ती तेव्हाच. कंबर उभ्यानं आणि बसून. बसल्यावर माझ्यासारखीच्या कमरेत दोन-तीन इंच सहज वाढतात आणि मंगळागौरीत बसायचे खेळ काही कमी नाहीत. बांगडीसाठी मनगटाला फारसा अर्थ नाही. अंगठा तळव्यात दुमडून बोटांच्या सांध्यांवरून माप घ्यायचं, कारण बांगडी अडते ती तिथं. बांगडीचे आकडे नव्या मुलींना हमखास गोंधळात टाकतात. २.१० हे २.६ पेक्षा लहान असेल असं त्यांना वाटतं. बिंदूनंतरचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो. २.४ म्हणजे सव्वादोन इंच व्यास, २.८ म्हणजे अडीच, २.१२ म्हणजे पावणेतीन. दर पायरीला आतला घेर साधारण एक सेंटिमीटरनं वाढतो. बहुतेक दुकानांत २.८ पर्यंत हवी तेवढी निवड असते, २.१० ला नक्षी निम्म्यावर येते आणि २.१२ मागितली की दुकानदार वरच्या फळीकडं बघतो. आमच्या वहीत तीन इंचाच्याही दोन जणी निघाल्या. त्यांच्या बांगड्या पितळेची पट्टी वळवून घ्याव्या लागल्या.

त्या दिवशी पैशांचाही विषय निघाला. ताईंनी बाकीच्यांसमोरच विचारलं, "ज्यांना माल जास्त लागतो त्यांना जास्त पडेल ना?" एक जण लगेच म्हणाली, "आम्ही देऊ की जास्त, त्यात काय." तिच्या स्वरातली ती सवय मला सहन झाली नाही. मी सांगितलं, सेटची किंमत एक. बारा इंचांच्या ठुशीला मणी जास्त लागतात, गाठवायला वेळही जास्त लागतो, हे मला ठाऊक आहे. तो खर्च मी सगळ्या सेटमध्ये वाटून धरते. चपलेच्या दुकानात सहा नंबरला आठ नंबरपेक्षा कमी पैसे पडत नाहीत, मग गळ्याच्या नंबरला का पडावेत? व्यवसायाच्या दृष्टीनं हे चुकीचं आहे असं मला घरातल्यांनीही सांगितलं. मला ते पटलेलं नाही.

दंडातल्या वाकीवर मी सगळ्यात जास्त जीव लावला. दोरा रुततो कारण सगळा ताण एका रेषेवर येतो. पट्टी इंचभर रुंद केली की तोच ताण पसरतो. म्हणून पुढं नक्षीची पितळी पट्टी आणि मागं मखमलीची पट्टी, आतून सुती अस्तर, बंद करायला ओळीनं टिचबटणं. दंड वर जाड आणि कोपराकडं निमुळता असतो, त्यामुळे पट्टी सरळ न कापता ब्लाउजच्या बाहीसारखी थोडी कमानीत कापायची, नाहीतर ती घसरत कोपरावर येते. पुढची नक्षीही त्या दंडाच्या मानानं मोठी केली. सहा जणींच्या वाक्या बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दीडपट रुंद होत्या. टेबलावर शेजारी ठेवल्या तर दोन वेगळे दागिने वाटत होते, अंगावर चढल्यावर एकच. सुती अस्तर मी चिंचपेटीलाही लावते. गळ्याच्या वळ्यांत घाम साठतो, त्यानं मुलामा काळा पडतो आणि स्वस्त दागिन्यातल्या निकेलनं खाज सुटते.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसले तो दिवस. सगळे सेट तयार झाल्यावर मी ग्रुपला नऊवारी नेसूनच बोलावलं. दिवाण भिंतीला सरकवला, आरसा झाकून ठेवला आणि म्हटलं, आधी खेळा, मग बघा. मांडून ठेवलेला दागिना फुगडीत टिकेल की नाही ते खेळल्याशिवाय कळत नाही.

झिम्मा झाला, पिंगा झाला. वाक्या जागच्या हलल्या नाहीत. फुगडीला मात्र अडलं. हात धरून मागं झुकलं की बांगड्या सरकून तळहाताशी येतात आणि समोरचीच्या बोटांवर दाबल्या जातात. दोन जोड्यांनी फुगडी मध्येच सोडली. मग फुगडी घालणाऱ्यांच्या बांगड्यांच्या पुढं, तळहाताच्या बाजूला, मनगटावर घट्ट बसेल असं पेचाचं कडं टाकायचं ठरलं, म्हणजे बाकीच्या त्याच्यामागं अडून राहतील. हे कर्वेनगरच्या एका पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंनी सुचवलं, मी नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मंगळागौरीच्या सेटमध्ये ते कडं असतं.

ग्रुपमधल्या सगळ्यात थोरल्या काकू खेळत नव्हत्या. त्या गाणी म्हणायच्या, मागं उभं राहून, बरीच वर्षं. माप देतानाच त्यांनी सांगितलं होतं, "मला ठुशी नको, लांब माळ द्या. गळ्याशी काही घातलं की मान आखूड दिसते." हा सल्ला मलाही आयुष्यभर मिळालेला आहे. जाड बाईनं लांब घालावं, बारीक घालावं, नजर खाली नेणारं घालावं. मी त्यांच्यासाठी माळ केली आणि त्यांच्या मापाची ठुशीही केली, कारण माप वहीत होतं आणि ग्रुपमध्ये तेरा ठुश्या करून चौदावी सोडणं मला जमेना.

खेळ थांबल्यावर मी ठुशी त्यांच्यापुढं धरली. त्या काही न बोलता पाठ करून उभ्या राहिल्या, मी बांधली. आरशावरचं कापड त्यांनी स्वतः काढलं. मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली.

"बाजूनं दोरी दिसते का?"

"नाही काकू. मणी कानाच्या मागंपर्यंत आहेत."

बराच वेळ त्या बघत राहिल्या. ताई म्हणाल्या, "माळ पण घालून बघा ना, त्यात जरा सडपातळ दिसाल."

"सडपातळ दिसायला कुठं आले मी," काकू म्हणाल्या. "मंगळागौर खेळायला आलेय. हीच राहू दे. आणि यंदा पिंग्याला मी पुढं."

ताईंचा चेहरा पडला. रांगा उंचीप्रमाणं बसवलेल्या, तालीम झालेली, पहिला कार्यक्रम तोंडावर. दोघींचं चांगलंच वाजलं. मी मध्ये पडले नाही, रांगा ठरवणं माझं काम नव्हे. पण सहा जणींपैकी आणखी दोघी काकूंच्या बाजूनं बोलू लागल्या आणि शेवटी ताईंनी वही काढून पिंग्याच्या रांगा नव्यानं लिहिल्या. मी त्या वेळात कड्यांसाठी मनगटं मोजून घेतली.

त्या श्रावणानंतर दुसऱ्या ग्रुपचे फोन यायला लागले, मग डोहाळजेवणांचे, मग लग्नांचे. काकू अजूनही येतात, दर वेळी काहीतरी नवीन अडचण घेऊन. सध्या जोडव्यांवरून अडल्या आहेत. रुंद बोटावर जोडव्याची टोकं फाकतात आणि साडीच्या काठात अडकतात. चांदीचं काम माझ्याकडं होत नाही, म्हणून हुपरीच्या एका कारागिराशी बोलणं चालू आहे. त्यांना मी काकूंच्या बोटाचा घेर आणि रुंदी दोन्ही पाठवलंय. टोकं एकमेकांवर चढतील एवढी पट्टी लांब ठेवा, म्हटलंय, आणि कडा घासून गोल करा. नमुना गणपतीआधी येईल.