तुम्ही विचारलंत म्हणून: डिलीट केलेलं सगळं परत येतं का?

सोलापुरात कुणालाही सांगितलं की मी कॉम्प्युटर फॉरेन्सिकचं, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाइलमधून पुरावा शोधायचं काम करतो, की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग डिलीट केलेलं सगळं काढता येत असेल ना तुम्हाला?" नाही हो. उलट दिवसेंदिवस कमीच हाती लागतंय, आणि बऱ्याचदा पुरावा आमच्यापर्यंत यायच्या आधीच गेलेला असतो.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फाइल उडवली तरी उडायची फक्त नोंद, मजकूर तिथंच पडून राहायचा, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आता सगळीकडं एसएसडी, म्हणजे फिरती डिस्क नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह. तिथं डिलीट केलं की विंडोज ट्रिम कमांड, म्हणजे 'ही जागा आता नको' असा निरोप पाठवतं आणि ड्राइव्हमधला कंट्रोलर सवडीनं ती जागा खरोखर पुसून टाकतो. आम्ही राइट ब्लॉकर (ड्राइव्हवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून आमच्याकडून एक बिटही लिहिला जाणार नाही याची सोय केली, तरी करंट मिळाला की आतल्या आत पुसणं चालू राहू शकतं.

मागं एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे मालक लॅपटॉप घेऊन आले, अकाउंटंट काम सोडून गेला आणि बिलांच्या फाइली गायब. आणायच्या आधी भाचा तो रोज चालू करून नेटवरची रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपवर टाकत बसला होता. फाइलचं नाव सापडलं, तारीख सापडली, साइज पण बरोबर, आणि उघडून बघितलं तर आत नुसती शून्यं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

फोनचं तर विचारूच नका. हल्लीच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे डिजिटल चावीशिवाय वाचता न येणारा असतो, फॅक्टरी रिसेट मारला की चावीच नष्ट, मग चिप काढून वाचली तरी उपयोग नाही. तरीपण एन्क्रिप्शन असायलाच पाहिजे असं माझं मत आहे, माझ्या आईचा फोन बस स्टँडवर चोरीला गेला तर तिचे फोटो कुणी बघू नयेत.

आणि डेटा मिळाला तरी कोर्ट आहेच. 2020 ला सुप्रीम कोर्टानं आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये, अर्जुन खोतकरांच्या, स्पष्ट केलं की मूळ यंत्र हजर करत नसाल तर कॉपीसोबत जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-बी चं सर्टिफिकेट लागणारच. 1 जुलै 2024 पासून नवीन साक्ष अधिनियमात तेच कलम 63 झालंय, सर्टिफिकेटचे दोन भाग, एक पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच, आत एक अक्षर बदललं की सगळी व्हॅल्यू बदलते.

आता दुकानात चोरी झाली की लोक काय आणतात? टीव्हीवर सीसीटीव्ही लावून मोबाइलनं केलेलं शूटिंग! तोपर्यंत डीव्हीआरची (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची) डिस्क भरून जुनं रेकॉर्डिंग गेलेलं असतं, त्याचं घड्याळ पण पुढं-मागं असतं. त्यामुळं असं काही झालं तर त्याच दिवशी डीव्हीआरमधूनच पेनड्राइव्हवर घ्या, आणि डीव्हीआरची वेळ नि मोबाइलची वेळ एकाच फोटोत दिसेल असा फोटो काढून ठेवा.